आराधनेचा सूर आणि अधिकाराचा प्रश्न : वऱ्हाडातील मंडळ्यांना खुले पत्र

सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलढाणा)

प्रति,
बुलढाणा जिल्ह्यातील आणि एकूण वऱ्हाडातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे माननीय पाळक, वडील व पंच यांस,



उपदेशापूर्वी मंडळीने एकत्र गायची गीते, त्यांच्या मधली प्रार्थना आणि शास्त्रवाचन मिळून उपासनेचा जो भाग होतो, त्याला मराठी मंडळ्यांत स्तुती-आराधना म्हणतात, आणि हा भाग आज कितीतरी ठिकाणी स्त्रियांच्या गळ्यावर चालतो. गीत उचलणे, विस्कळीत बसलेल्या मंडळीला एका लयीत आणणे, नव्याने आलेल्या कुटुंबाला शब्द सापडेपर्यंत ध्रुपद पुन्हा घेणे, शोकाच्या रविवारी आवाज न फुटणाऱ्यांच्या वतीने गाणे, ही सारी कामे त्या करतात. परंतु कोणती गीते गायची, कोणत्या पट्टीत गायची, गीतांच्या मध्ये कोणी बोलायचे आणि त्या सेवेसाठी मंडळीच्या निधीतून काय खर्च करायचा, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना बहुधा जागा नसते. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अपुरा, ही विसंगती दूर करण्याची विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. ते कोणत्याही एका मंडळीविरुद्ध किंवा व्यक्तीविरुद्ध नाही, कारण ज्या अडचणी पुढे मांडल्या आहेत त्या एखाद्याच्या दुष्टाव्यातून नव्हे, तर वर्षानुवर्षे न तपासलेल्या सवयींतून आलेल्या आहेत, आणि सवयी बदलण्याचे सामर्थ्य आपल्या पदांत आहे.

या विषयाकडे परदेशातून आलेली नवी टूम म्हणून पाहिले जाते, म्हणून आरंभीच वऱ्हाडाचा आणि महाराष्ट्राचा इतिहास आठवणे आवश्यक आहे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या वतीने अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेला ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. म्हणजे वऱ्हाडातील मंडळ्यांची पायाभरणी होत असतानाच स्त्रीचा आवाज हा तिथे विचाराचा विषय झालेला होता. स्वतः रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनात स्त्रियांची जी वसाहत उभी केली, तिथे प्रार्थना, गायन आणि शिक्षण यांची धुरा स्त्रियांच्याच हाती होती. १९०५ साली त्या ठिकाणी जे आध्यात्मिक जागरण झाले, ते स्त्रियांच्या आणि मुलींच्या प्रार्थनेतून पसरले. आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचे प्रचंड काम रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवून पूर्ण केले. मराठी उपासनेला भजनाचे आणि अभंगाचे वळण देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग लिहिला. ज्या समाजाने स्त्रीच्या हातून शास्त्राचे भाषांतर आणि ख्रिस्तचरित्राचे काव्य स्वीकारले, त्या समाजात एखाद्या स्त्रीने दोन गीतांच्या मध्ये चार वाक्यांची प्रार्थना करावी की नाही असा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा तो इतिहासाचा विसर पडल्याचे लक्षण मानावे लागते.

मराठी मातीतील व्यापक परंपराही हेच सांगते. जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांच्या अभंगरचना शतकानुशतके टिकल्या. मुक्ताबाईंचे समाधिस्थान बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आजही वारकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. आणि जात्यावरची ओवी, म्हणजे दळताना स्त्रियांनी रचून गायलेले छोटे पद, ही तर मराठीतील भक्तीची अत्यंत जुनी स्त्रीनिर्मित ठेव आहे. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत जे देशी छंद आणले, त्यांतला ओवीचा छंद घराघरांत जिवंत ठेवण्याचे श्रेय या अनाम गायिकांकडे जाते.

पवित्र शास्त्राचा आधार मागणे हा आपला अधिकार आहे आणि तो आधार भरपूर आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यानंतर मिर्यामेने डफ घेऊन गीत उचलले (निर्गम १५:२०-२१). दबोरा या न्यायाधीश स्त्रीने बाराकासह विजयगीत गायले (शास्ते ५). हन्नेची प्रार्थना (१ शमुवेल २) आणि मरीयेचे स्तोत्र (लूक १:४६-५५) ही दोन्ही काव्ये मंडळीच्या उपासनेचा कणा बनली. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या याद्यांत गाणारे आणि गाणाऱ्या मिळून एज्राच्या ग्रंथात २०० (एज्रा २:६५) आणि नहेम्याच्या ग्रंथात २४५ (नहेम्या ७:६७) अशी नोंद आहे, म्हणजे उद्ध्वस्त समाजाची पुन्हा उभारणी होत असताना गायिकांचा स्पष्ट उल्लेख करण्याइतके त्यांचे काम महत्त्वाचे मानले गेले. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे सांगणारे १ करिंथ १४:३४ हे वचन वारंवार पुढे केले जाते. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात (११:५) स्त्रिया सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे गृहीत धरलेले आहे. या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा याबाबत निरनिराळ्या पंथांची निरनिराळी मते आहेत आणि तो वाद या पत्राने मिटवावा अशी अपेक्षा नाही. मात्र कलस्सै ३:१६ मध्ये स्तोत्रे व गीते गाऊन एकमेकांना शिकवण्याची आज्ञा संपूर्ण मंडळीला दिलेली आहे, आणि गीत हे शिकवणच असेल, तर ज्या स्त्रीच्या तोंडून मंडळी दर रविवारी शिकते तिला केवळ आवाजाचे साधन मानणे शास्त्राला धरून होत नाही.

आता प्रत्यक्ष तक्रारी आणि त्यांना जोडलेल्या विनंत्या क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली तक्रार निर्णयातील सहभागाची आहे. रविवारची गीते उपदेशाच्या विषयाशी जुळावीत ही अपेक्षा योग्यच आहे. पण विषय शनिवारी रात्री फोनवर कळतो, कधी उपासना सुरू होताना चिठ्ठीवर येतो आणि सरावात बसवलेले गीत ऐनवेळी बदलले जाते, तेव्हा उभ्या राहिलेल्या स्त्रीची घाई आणि चूक साऱ्या मंडळीला दिसते, तर ती घाई निर्माण करणारा उशीर कोणालाच दिसत नाही. म्हणून विनंती अशी की, पुढील महिन्याचे उपदेशाचे विषय आणि शास्त्रपाठ आधीच लेखी द्यावेत, गीतांची निवड पाळक आणि गीतसेविका यांनी मिळून करावी, आणि ज्या पंच कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून दिलेल्या समितीत, उपासनेविषयी ठराव होतात तिथे आराधनेचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीला, ती स्त्री असो वा पुरुष, मतासह जागा द्यावी.

दुसरी तक्रार बोलण्याच्या मर्यादेची आहे. अनेक ठिकाणी अलिखित नियम असा असतो की स्त्रीने गावे, पण गीताचा अर्थ सांगू नये, साक्ष देऊ नये, प्रार्थनेत मंडळीचे प्रतिनिधित्व करू नये; तेच स्थान पुरुषाकडे आले की या सर्व गोष्टी सहज चालतात. नियम लेखी नसल्यामुळे तो कोणत्या रविवारी किती कडक होईल हे कोणालाच ठाऊक नसते आणि टोकले जाण्याच्या भीतीने गाणारीचे लक्ष उपासनेवरून उडते. ज्या मंडळीच्या घटनेनुसार व्यासपीठावरून उपदेश करणे पुरुषांकडेच राखलेले आहे, तिनेही आपली मर्यादा लिहून ठेवावी आणि तिच्या अलीकडचे सर्व काही, म्हणजे शास्त्रवाचन, प्रार्थना, गीताची दोन वाक्यांत ओळख, स्त्रियांना निःसंदिग्धपणे मोकळे करावे. नियम काळानुसार तपासले जातात याची उदाहरणे जगभर आहेत. रोमन कॅथोलिक चर्चमध्ये पोप पायस दहावे यांच्या १९०३ सालच्या आदेशाने, गायकाचे काम हे उपासनेतील धर्मसेवेचे पद असून स्त्रिया त्यास पात्र नाहीत, असे ठरवून उंच आवाजांसाठी मुलग्यांना घेण्यास सांगितले होते. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी अटींसह स्त्रियांच्या गायनाला वाट दिली. आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही विधिपूर्वक नेमणुकीची सेवापदे स्त्रियांना खुली केली. प्रोटेस्टंट बाजूला, २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच विदर्भातील नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला २०२४ साली पहिली स्त्री बिशप मिळाली, तर चर्च ऑफ साउथ इंडियाने हे पाऊल २०१३ सालीच उचलले होते. जिथे बिशपपदापर्यंत विचार झाला आहे, तिथे गीतांमधल्या प्रार्थनेवरचा संकोच टिकवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

तिसरी तक्रार संगीताच्या तांत्रिक बाजूची असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पट्टी म्हणजे पेटीवरचा जो स्वर षड्ज मानून गीत गायले जाते तो स्वर. पुरुषांचे आवाज सर्वसाधारणपणे पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत मोकळे लागतात, तर बहुतेक स्त्रियांचे काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. पेटी किंवा कीबोर्ड वाजवणारा पुरुष आपल्या सवयीची काळी एक धरतो, तेव्हा नेतृत्व करणाऱ्या स्त्रीपुढे दोनच मार्ग उरतात : खालच्या सप्तकात गायले तर आवाज वाद्यांखाली दबतो, वरच्या सप्तकात गायले तर अंतरा, म्हणजे गीताचा वर चढणारा भाग, ओरडल्यासारखा होतो; आणि मग तिच्या आवाजात दम नाही किंवा आवाज कर्कश आहे असा शेरा मारला जातो, जो वास्तविक चुकीच्या पट्टीवर मारायला हवा. उलट टोकही योग्य नाही, कारण केवळ तिच्या सोयीची पट्टी घेतली तर पुरुषांना काही गीते झेपत नाहीत. म्हणून प्रत्येक गीताचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहून, नेतृत्व करणारीचा आवाज मोकळा राहील आणि मंडळीलाही गाता येईल अशी पट्टी सरावातच ठरवावी आणि गीतवहीत गीताच्या शेजारी लिहून ठेवावी. कीबोर्डवर पट्टी बदलणे एका बटणाचे काम आहे. साधी पेटी वाजवणाऱ्याला निरनिराळ्या पट्ट्यांतून वाजवण्याचा सराव लागतो किंवा पट्टी सरकवता येणारी स्केलचेंजर पेटी घ्यावी लागते. आणि वेगळ्या पट्टीसाठी वेगळ्या मापाचा तबला लागतो, कारण एकच तबला सगळ्या पट्ट्यांत मिळवता येत नाही. दुसरा तबला आणि गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवायचा एक स्पीकर, एवढा खर्च मंडळीने केला तर आराधनेचा दर्जा अल्पावधीत सुधारेल.

चौथी तक्रार प्रशिक्षणाची आहे. मुलग्याला ढोलक, तबला, गिटार हाताळायला दिली जाते, रविवारच्या शाळेतील मुलीला टाळ्या आणि समूहगान दिले जाते. पुढे वीस वर्षांनी वाद्यवृंदात स्त्रिया का नाहीत, असा प्रश्न विचारला जातो. वाद्य न येणारी गायिका पट्टी, ताल आणि सुरुवातीचा स्वर या तिन्हींसाठी वादकावर अवलंबून राहते, आणि हे अवलंबित्वच पुढे तिच्या अधिकाराची मर्यादा ठरते. मंडळीने आपल्या अंदाजपत्रकात मुलींच्या पेटी व तबला शिक्षणासाठी ठरावीक तरतूद करावी, जवळच्या शहरातील संगीतशिक्षकाला महिन्यातून दोनदा बोलवावे, आणि पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या धर्मशिक्षणसंस्थांत पाठवायच्या उमेदवारांत उपासनासंगीताची आवड असलेल्या स्त्रियांचाही विचार करावा. ही संस्था १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला हलली, त्यामुळे विदर्भाचा तिच्यावर जुना हक्क आहे.

पाचवी तक्रार वेळेची आणि श्रमाची आहे. नाताळची तालीम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते आणि बुलढाणा जिल्ह्यात त्याच दिवसांत कापसाची वेचणी चालते, जी मुख्यतः स्त्रिया करतात आणि जिची मजुरी वेचलेल्या वजनावर मिळते. पुनरुत्थानाच्या सणाची तयारी गहू-हरभऱ्याच्या काढणीच्या वेळीच येते. दिवसभर शेतात राबून, घरचा स्वयंपाक उरकून रात्री साडेआठच्या तालमीला पोहोचणाऱ्या स्त्रीला उशिराबद्दल बोलणे अन्यायाचे आहे, आणि मेहकर व लोणार यांच्या मधल्या सुलतानपूरसारख्या गावातून तालुक्याच्या ठिकाणी तालमीला जायचे असेल, तर परतीची एसटी हाच तिच्या सहभागाचा निर्णायक प्रश्न असतो. तालीम रविवारच्या उपासनेला जोडून दुपारी ठेवावी, त्या वेळेत लहान मुलांना सांभाळण्याची पाळी मंडळीतील इतरांनी, पुरुषांसह, घ्यावी, आणि बाहेरगावच्या सेवेसाठी येण्याजाण्याचे भाडे मंडळीने द्यावे. याच मुद्द्याशी मानधनाचा प्रश्न जोडलेला आहे : संजीवन सभांना, म्हणजे विश्वास दृढ करण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या विशेष सभांना, बाहेरून आलेल्या वादकाला आणि साउंड सिस्टीमवाल्याला पैसे दिले जातात, पण गाणाऱ्या स्त्रीची सेवा ती देवासाठी करते म्हणून विनामूल्य मानली जाते. देवासाठी सेवा करणे हा सर्वांचाच धर्म आहे. म्हणून मानधन द्यायचे असेल तर एकाच कसोटीने द्यावे आणि न द्यायचे असेल तर कोणालाच देऊ नये.

सहावी तक्रार लग्नानंतर होणाऱ्या खंडाची आहे. माहेरच्या मंडळीत दहा वर्षे गीतसेवा केलेली मुलगी सासरच्या मंडळीत येते तेव्हा तिची ती सेवा कोठेही नोंदलेली नसते. ती सून म्हणून ओळखली जाते, तिच्या गाण्याचा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीवर जातो, आणि बाळंतपणानंतर तिची जागा परत मिळण्याची कोणतीही पद्धत नसते. मंडळी बदलताना सभासदत्वाचे पत्र दिले जाते, त्यात तिने केलेल्या सेवेचा आणि घेतलेल्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि नव्या मंडळीच्या पाळकांनी पहिल्याच भेटीत कुटुंबासमक्ष तिला सेवेचे निमंत्रण द्यावे. पाळकांच्या एका वाक्याने घरातील परवानगीचा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो.

सातवी तक्रार सन्मानाची आणि सुरक्षिततेची आहे. पदर, ओढणी, केस, हात वर करणे, डोळे मिटणे यांवर होणारी टीका उपासनेनंतर दारातच सुरू होते, आणि मोबाईलवर काढलेल्या तिच्या चित्रफिती तिला न विचारता पसरवल्या जातात. पेहरावाविषयी काही संकेत असतील तर ते स्त्री-पुरुष दोघांसाठी एकाच कागदावर असावेत, सूचना पाळकांच्या वतीने एखाद्या जाणत्या स्त्रीने खासगीत द्यावी, आणि परवानगीशिवाय चित्रण प्रसृत करण्यास मनाई असावी. याहून गंभीर बाब प्रवासातील व तालमीतील गैरवर्तनाची आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येमध्ये मोबदला न घेता स्वयंसेवी तत्त्वावर काम करणारी स्त्रीही येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे आणि त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. मंडळीने ही माहिती सूचनाफलकावर लावावी आणि तक्रार करणारीलाच आधी सेवेतून बाजूला करण्याची प्रथा बंद करावी, कारण या प्रथेमुळे तक्रार करण्याची किंमत पीडितेला मोजावी लागते.

माननीय पाळक, वडील आणि पंच हो, या विनंत्यांपैकी एकीसाठीही सिद्धान्तात फेरफार करावा लागत नाही, मोठा निधी उभारावा लागत नाही किंवा वरिष्ठ संस्थेच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. विषय आधी कळवणे, मर्यादा लिहून ठेवणे, पट्टी सरावात ठरवणे, मुलींना वाद्य शिकवणे, तालमीची वेळ शेतीच्या हंगामाशी जुळवणे, एकाच कसोटीने मानधन देणे, सेवेची नोंद पुढच्या मंडळीला कळवणे आणि सन्मानाची हमी देणे, ही कामे येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ठरावाने सुरू होऊ शकतात. तो ठराव मांडण्यापूर्वी आपल्या मंडळीत आराधनेचे नेतृत्व करणाऱ्या सर्व स्त्रियांना एकत्र बोलवावे, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे आणि ठरावाचा मसुदा त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा, ही या पत्राची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची विनंती आहे. कारण ज्यांनी मंडळीला इतकी वर्षे गायला शिकवले, त्यांना आपल्या सेवेविषयी काय हवे आहे हे त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवावे, हेच तर आजवरच्या अडचणींचे मूळ आहे.

ख्रिस्ताच्या सेवेत आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या,
मराठी मंडळ्यांतील गीतसेविकांच्या वतीने,
एक हितचिंतक
सुलतानपूर, जि. बुलढाणा